मठाच्या जाळीतून गेलेली पत्रे

नव्या करारातील २७ पुस्तकांपैकी २१ पुस्तके ही पत्रे आहेत. आपल्या श्रद्धेचा केवढा मोठा भाग टपालाने आलेला आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस केली आहे. हे पत्र रोमपर्यंत तिनेच नेले, असे पूर्वापार मानले जाते. म्हणजे ख्रिस्तसभेच्या अगदी आरंभी पत्र घेऊन निघालेली एक स्त्री आपल्याला दिसते. तिने जपून नेलेले शब्द आपण आजही मिस्सामध्ये ऐकतो. तिचा स्वतःचा मात्र एकही शब्द आपल्यापाशी नाही.

पुढे सोळाव्या शतकात, १५४२ साली गोव्यास उतरलेल्या संत फ्रान्सिस झेवियरची पत्रे युरोपात पोहोचली. त्यांच्या नकला झाल्या आणि मठांतून, विद्यालयांतून ती मोठ्याने वाचली गेली. झेवियर आपल्या सोबत्यांच्या पत्रांतील सह्या कापून जवळ बाळगीत असे, हेही आपल्याला ठाऊक आहे. त्याच शतकात आणि त्याच्या पुढच्या शतकात युरोपातील स्त्रियाही पत्रे लिहीत होत्या, हजारोंनी लिहीत होत्या. परंतु त्यांच्या पत्रांच्या नकला कोणी सहसा केल्या नाहीत. ज्याला पत्र आले त्याने ते पेटीत ठेवले तर ते टिकले, चुलीत घातले तर संपले. गेल्या दीडशे वर्षांत अभ्यासकांनी अशा टिकलेल्या पत्रांचे संग्रह छापले, आणि इतिहासाच्या एका बंद दालनाची खिडकी उघडली. त्या खिडकीतून दिसणाऱ्या तीन धर्मभगिनींची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पत्र नावाची वस्तू

त्या काळचे पत्र ही सोपी गोष्ट नव्हती. कागद जुन्या तागाच्या चिंध्यांचा लगदा करून हाताने बनवीत, त्यामुळे तो जपून वापरावा लागे. लेखणी हंसाच्या पिसाची असे, आणि तिला वारंवार टोक करावे लागे. शाईसाठी मायफळ आणि हिराकस लागे. बाळगुटीत उगाळले जाते तेच हे मायफळ. लिफाफा नव्हताच. पत्राच्या कागदाचीच विशिष्ट रीतीने घडी घालून, कधी दोऱ्याने किंवा कागदाच्या पट्टीने ती बांधून, वर लाखेची मोहोर उमटवीत. मोहोर फोडल्याशिवाय पत्र उघडता येत नसे. बाहेरच्या कोऱ्या भागावर नाव आणि गाव लिहिले, की पत्र निघाले.

ते नेणार कोण, हा खरा प्रश्न असे. हॅब्सबर्ग राजघराण्यासाठी टॅक्सिस कुटुंबाने घोडेस्वारांची टप्प्याटप्प्याची डाक बसवली होती, पण ती मुख्यतः राजकारभाराच्या आणि व्यापाराच्या वाटांवर धावे. इतर लोक खेचरांचे तांडे हाकणारे, व्यापारी, प्रवासाला निघालेले धर्मगुरू किंवा ओळखीचे नोकर यांच्यावर अवलंबून राहत. हशील बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावे लागे. शिवाय पत्र एकट्याने वाचण्याची वस्तू नव्हती. घरी आलेले पत्र सर्वांसमोर वाचत आणि शेजाऱ्यालाही दाखवीत. त्यामुळे खरोखर गुप्त मजकूर असेल, तर तो तोंडी सांगून विश्वासू माणसाबरोबर धाडावा लागे.

वाचणे आणि लिहिणे या तेव्हा दोन वेगळ्या विद्या मानल्या जात. मुलीला प्रार्थनापुस्तक वाचता यावे म्हणून अक्षरे शिकवीत, पण लेखणी धरायला शिकवण्याची निकड कोणाला वाटत नसे. पुष्कळ स्त्रिया वाचू शकत, आणि सही मात्र करू शकत नसत. अशा समाजात मठ हे स्त्रीला लेखणी मिळण्याचे एक ठिकाण होते. हिशोब, जमिनीचे कागद, देणगीदारांना आभाराची पत्रे ही सारी कामे मठातील बायकांनाच करावी लागत.

त्यातच त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मभगिनींच्या एकांतवासाचे नियम कडक केले, आणि १५६६ मध्ये पोप पाचवे पायस यांनी ते आणखी व्यापक केले. मठाची भिंत उंच झाली. भेटीच्या खोलीत लोखंडी जाळी आली, आणि वस्तू आतबाहेर देण्यासाठी भिंतीत फिरते कपाट बसले. जाणारे-येणारे प्रत्येक पत्र मठाध्यक्षेच्या नजरेखालून जाई. तरीही भिंतीआडच्या स्त्रीला जगाशी बोलण्याचा हाच रुळलेला मार्ग होता. तिला प्रवचनपीठ नव्हते, विद्यापीठाचे दार बंद होते, सभेत बसण्याचा अधिकार नव्हता. पत्र मात्र जाळीतून जाऊ शकत होते.

आविलाची तेरेजा

आविलाच्या संत तेरेजाचा जन्म १५१५ सालचा. आपण तिला प्रार्थनेची आचार्या म्हणून ओळखतो. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची महापंडिता म्हणून घोषित केले. पण तिची पत्रे वाचू लागलो, की वेगळीच तेरेजा भेटते. आज तिची साडेचारशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत, आणि तिने लिहिलेल्या पत्रांचा हा लहानसा अंश आहे. त्यांतले अगदी आरंभीचे पत्र १५४६ सालचे असून त्यात समाधीचा किंवा साक्षात्काराचा उल्लेख नाही. कबुतरखान्यासाठी गहू द्यावा, एवढाच त्याचा विषय आहे.

१५६२ साली तिने आविला येथे संत जोसेफचा लहानसा सुधारित मठ स्थापन केला. त्यासाठी लागलेल्या पैशांपैकी काही रक्कम दक्षिण अमेरिकेतील किटो येथून तिचा भाऊ लोरेन्सो याने पाठवली होती. ती मिळाल्याचे तिचे पत्र १५६१ च्या डिसेंबरातले आहे. पुढील वीस वर्षांत असे १७ मठ उभे राहिले. जागा विकत घेणे, भाडे चुकवणे, हुंड्याच्या रकमा वसूल करणे, कुरकुर करणाऱ्या बिशपांना राजी करणे, कोणत्या मठात कोणाला मठाध्यक्षा नेमावे याचा सल्ला देणे, हे सगळे पत्रांनी चालले.

या सुधारणेला कार्मेल संघातूनच कडवा विरोध झाला. १५७५ साली संघाच्या वरिष्ठांनी तिला एखादा मठ निवडून तेथेच राहण्याचा आणि नवे मठ स्थापन न करण्याचा हुकूम दिला. स्पेनमधील पोपच्या राजदूताने तर तिला अस्वस्थ आणि भटकी बाई म्हटल्याचे प्रसिद्ध आहे. तेरेजाने हुकूम पाळला. ती तोलेदोच्या मठात राहिली, आणि तेथे बसून तिने सारा संघ पत्रांनी सांभाळला. तोलेदोचा टपालप्रमुख फिगेरेदो आणि माद्रिदमधील रोके दे उएर्ता हे तिचे हितचिंतक. पत्रे योग्य हाती पोहोचावीत म्हणून ती त्यांच्यामार्फत धाडी. वाटेत पत्र फुटण्याची भीती होतीच. म्हणून तिने टोपणनावे योजली. तिच्या धर्मभगिनी म्हणजे ‘फुलपाखरे’, तिच्या पक्षाचे धर्मबंधू म्हणजे ‘गरुड’, इन्क्विझिशनचे न्यायाधीश म्हणजे ‘देवदूत’. वृद्ध राजदूत ओर्मानेतो म्हणजे ‘मथुशलह’. स्वतःला ती ‘लॉरेन्सिया’ किंवा ‘आंजेला’ म्हणे, आणि प्रभू येशूचा उल्लेखही ‘होसे’ म्हणजे जोसेफ या नावाने करी. संकटात अशी थट्टा सुचणे हेही मनोधैर्याचेच लक्षण मानले पाहिजे.

१५७७ च्या डिसेंबरात विरोधकांनी संत योहान क्रूसकर याला रात्री पकडून नेले. तेरेजाने ४ डिसेंबरला थेट राजा दुसरा फिलिप यालाच पत्र लिहिले. योहानची सुटका करावी, तो संतमाणूस आहे, असे तिने निर्भयपणे कळवले. त्या काळच्या सर्वांत बलाढ्य राजाला, मठातच राहण्याची आज्ञा झालेल्या बासष्ट वर्षांच्या, आजारी बाईने असे लिहावे, हे धाडस लहान नव्हे. योहान अखेर पुढल्या ऑगस्टमध्ये स्वतःच कोठडीतून निसटला. पण त्याच्यासाठी कोणी उभे राहिले होते, याचा लेखी पुरावा त्या पत्राने मागे ठेवला.

याच वर्षाच्या आरंभी पत्रलेखनाने तिची प्रकृती ढासळली होती. डोक्यात सतत आवाज होई. वैद्याने मध्यरात्रीनंतर लिहू नये आणि सगळी पत्रे स्वतःच्या हाताने लिहू नयेत, अशी ताकीद दिली. तिची सोबतीण आना दे सान बार्तोलोमे ही शेतकऱ्याची मुलगी, तिला लिहिता येत नव्हते. तुला लिहिता आले असते तर मला मदत झाली असती, असे तेरेजा म्हणाली. आनाने गिरवण्यासाठी तिच्या हातचा नमुना मागून घेतला, आणि त्यावरून ती लिहायला शिकली. ही आठवण आनाने स्वतःच लिहून ठेवली आहे. तेरेजाच्या पुष्कळ पत्रांवर पुढे आनाचे अक्षर आहे.

भावाला तेरेजा सांगते, की पत्रे पुन्हा वाचून पाहण्यात वेळ घालवू नकोस, मीही पाहत नाही, एखादे अक्षर गळले असेल तर तू घालून घे. सेव्हिलची मठाध्यक्षा मारिया दे सान होसे हिला लिहिलेली साठांहून अधिक पत्रे टिकली आहेत, आणि त्यांत रागावणे, लाड करणे, हिशोब विचारणे सगळे आहे. सेव्हिल हे बंदर, त्यामुळे तेथून जहाजाने आलेल्या नवलाच्या वस्तू मारिया आपल्या मातेला धाडी. १५७७ साली तिने एक नारळ पाठवला. तेरेजाला तो बघण्यासारखा वाटला, आणि तो आपण दोन्या लुइसाला पाठवू, असे तिने कळवले. आपल्या परसातल्या नारळाला कास्तिलच्या मठात असा मान मिळाला होता.

४ ऑक्टोबर १५८२ रोजी ती मरण पावली. युरोपात पंचांग बदलण्याची ती रात्र होती, म्हणून दुसरा दिवस १५ ऑक्टोबर उजाडला. तिचे सणाचे दिनांक आपण आजही त्यानुसारच पाळतो.

गॅलिलिओची लेक

दुसरी धर्मभगिनी संत म्हणून घोषित झालेली नाही. तिचे नाव सिस्टर मारिया चेलेस्ते. ती शास्त्रज्ञ गॅलिलिओची थोरली मुलगी. गॅलिलिओ आणि मारिना गाम्बा यांचा विवाह झाला नव्हता. त्यामुळे या मुलींना चांगले स्थळ मिळणार नाही, असे धरून गॅलिलिओने १६१३ साली दोघींनाही फ्लॉरेन्सजवळील आर्चेत्री येथील संत मत्तयच्या क्लारिस्त मठात ठेवले. थोरली व्हर्जिनिया तेव्हा तेरा वर्षांची होती. १६१६ साली तिने व्रते घेतली आणि मारिया चेलेस्ते हे नाव स्वीकारले. चेलेस्ते म्हणजे आकाशातली. आकाश न्याहाळणाऱ्या बापाच्या मुलीने हे नाव घेतले. पण मठात पाऊल ठेवताना तिला कोणी काही विचारले नव्हते, ही गोष्ट आपण झाकून ठेवू नये.

१६२३ ते १६३३ या काळातील तिची १२४ पत्रे गॅलिलिओच्या कागदपत्रांत सापडली. अंतोनिओ फावारो या अभ्यासकाने ती १८९१ साली प्रसिद्ध केली. वाचताना प्रथम आढळते ते घर. बापाच्या शर्टांच्या कॉलरी धुऊन-शिवून पाठवल्या आहेत. मुरवलेली लिंबे पाठवली आहेत. मठाचे घड्याळ बंद पडले आहे, दुरुस्त करून द्यावे. वाइनच्या पिंपांचे काय करावे? ती मठाच्या औषधालयाचे काम पाही. प्लेगची साथ आली तेव्हा तिने सुके अंजीर, अक्रोड, सताप, मीठ आणि मध यांचे चाटण करून वडिलांना पाठवले, आणि ते कसे घ्यावे हेही लिहिले. मठ अतिशय गरीब होता. थंडीत जाग्रण करून, दाढदुखी सोसत ती रात्री लिहिते, कारण दिवसभर इतर कामे असतात.

पण ही केवळ घरगुती पत्रे नाहीत. १६२३ साली गॅलिलिओचा चाहता कार्डिनल बार्बेरिनी पोप झाला आणि त्याने आठवे उर्बान हे नाव घेतले. तेव्हा त्याने पूर्वी वडिलांना लिहिलेली पत्रे पाहण्याची इच्छा तिने व्यक्त केली, आणि गॅलिलिओने ती तिला वाचायला पाठवली. दहा वर्षांनी याच पोपच्या कारकिर्दीत तिच्या वडिलांवर खटला चालला. २२ जून १६३३ रोजी शिक्षा झाली. या काळात मारिया चेलेस्ते मठात बसून वडिलांच्या घराचा कारभार पाहत होती. बागेतल्या लिंबांचा, द्राक्षांचा, नोकरांचा हिशोब ती पत्राने कळवी. घरातले अडचणीचे कागद हलवता यावेत म्हणून वडिलांच्या मित्रांना घराच्या किल्ल्या मिळतील, अशी व्यवस्थाही तिने केली. खेचरांचे दाणे आणि इन्क्विझिशनची भीती एकाच पत्रात शेजारी शेजारी उभी असतात.

शिक्षेचा एक भाग असा होता, की गॅलिलिओने तीन वर्षे दर आठवड्याला पश्चात्तापाची सात स्तोत्रे म्हणावीत. शिक्षेचा मजकूर वाचल्यावर मुलीने वडिलांना कळवले, की ही स्तोत्रे तुमच्याऐवजी मीच म्हणू लागले आहे. त्या शिक्षेत काही चुकीचे आहे, असे तिने लिहिले नाही. तसे लिहिणे तिला शक्यही नव्हते. ती धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहिली आणि वडिलांच्या पाठीशीही राहिली. आज्ञापालन आणि माया या दोहोंची ओढाताण आपल्यापैकी कित्येकांनी आपापल्या घरात अनुभवली असेल. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी गॅलिलिओच्या न्यायाधीशांकडून झालेली चूक मान्य केली. त्या घोषणेच्या ३५९ वर्षे आधी एका मठवासिनीने तिच्या वाट्याला आलेला मार्ग शोधला होता.

डिसेंबर १६३३ मध्ये गॅलिलिओ आर्चेत्रीला परतला. मठ त्याच्या घराजवळच होता. पण २ एप्रिल १६३४ रोजी तेहेतिसाव्या वर्षी अतिसाराने तिचा मृत्यू झाला. असामान्य बुद्धीची, अतिशय चांगली आणि आपल्यावर अपार जीव असलेली मुलगी, असे गॅलिलिओने तिच्याविषयी एका मित्राला लिहिले. वडिलांची पत्रे आपण जपून ठेवतो आणि पुनःपुन्हा वाचतो, असे ती लिहीत असे. आज तिची पत्रे आहेत, त्याची उत्तरे नाहीत. जगप्रसिद्ध बापाचा आवाज मुका झाला आहे, आणि गरीब मठातील लेकीचा आवाज ऐकू येतो, कारण बापाने तिचा प्रत्येक कागद ठेवला.

समुद्रापलीकडून आईची पत्रे

तिसरी धर्मभगिनी आई होती. मारी गुयार हिचा जन्म १५९९ साली फ्रान्समधील तूर येथे झाला. रेशीमकाम करणाऱ्या क्लोद मार्तां याच्याशी तिचे लग्न झाले, आणि एकोणिसाव्या वर्षी ती विधवा झाली. मुलगा क्लोद तेव्हा काही महिन्यांचा होता. पुढे काही वर्षे तिने मेहुण्याच्या मालवाहतुकीच्या धंद्याचा कारभार पाहिला. तेथे घोडे, हमाल, गाडीवान यांच्याशी तिचा रोजचा व्यवहार होता. १६३१ साली, मुलगा अकरा वर्षांचा असताना, त्याला बहिणीच्या स्वाधीन करून ती उर्सुलाइन मठात गेली. शाळेतल्या सवंगड्यांना घेऊन तो मुलगा मठाच्या दाराशी आला आणि माझी आई परत द्या, असे ओरडत राहिला. ही हकीकत माय-लेक दोघांनीही लपवली नाही.

१६३९ च्या मे महिन्यात मारी दिएप बंदरातून निघाली आणि १ ऑगस्टला कॅनडातील क्वेबेकला पोहोचली. तेथे तिने मुलींसाठी शाळा काढली. आल्गोंकिन, ह्युरॉन आणि इरोक्वॉय भाषा शिकून त्यांत शब्दकोश आणि धर्मशिक्षणाची पुस्तके तयार केली. फ्रान्सची जहाजे उन्हाळ्यात येत, आणि नदी गोठण्यापूर्वी शरद ऋतूत परत जात. मधल्या थोड्या आठवड्यांत वर्षभराची सगळी पत्रे लिहावी लागत. त्या आठवड्यांत ती रात्र रात्र लिही, हात थकून लेखणी चालेनाशी होई. जहाज बुडेल किंवा शत्रू लुटतील, म्हणून एकच बातमी वेगवेगळ्या जहाजांनी धाडावी लागे. उत्तर यायचे ते पुढच्या वर्षीच.

मठाला १६५० च्या डिसेंबराअखेर लागलेली आग, इरोक्वॉयांशी झालेली युद्धे, १६६३ चा मोठा भूकंप यांची तिने लिहिलेली वर्णने आज कॅनडाच्या इतिहासाची साधने आहेत. पण त्या पत्रांचा गाभा आहे मुलाशी चाललेला संवाद. क्लोद १६४१ साली बेनेडिक्टाइन संघात दाखल झाला. आईने आपल्याला टाकले, हे दुःख तो पत्रांतून मांडत राहिला. मारीने ते नाकारले नाही. मी तुला सोडले, त्या वियोगाने माझेही काळीज फाटले, पण देवाच्या हाकेपुढे मला थांबता आले नाही, अशा आशयाने तिने उत्तर दिले. तिचे ते जाणे योग्य होते काय, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो, आणि तो पडणेही रास्त आहे. संतपद लाभले म्हणून त्या मुलाचे अश्रू खोटे ठरत नाहीत. १६३९ नंतर ती दोघे पुन्हा भेटली नाहीत. तेहेतीस वर्षे नाते कागदावर जगले. पुढे पुढे तर मुलगा प्रार्थनेविषयी प्रश्न विचारू लागला, आणि आई त्याची आध्यात्मिक मार्गदर्शक झाली. त्याच्या आग्रहावरून १६५४ साली तिने आपल्या अंतरंगाचा वृत्तांत लिहून पाठवला, आणि तो इतर कोणाला दाखवू नये, असे बजावले.

३० एप्रिल १६७२ रोजी तिचा मृत्यू झाला. क्लोदने १६७७ साली तिचे चरित्र आणि १६८१ साली तिची पत्रे प्रसिद्ध केली. छापताना त्याने तिच्या भाषेला थोडीफार इस्त्री केली, हे मूळ पत्रांशी ताडून पाहिल्यावर कळते. तरीही त्याने छापले नसते, तर ही स्त्री आपल्याला भेटलीच नसती. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली तिला संत म्हणून घोषित केले. आईने टाकलेल्या मुलाने आईचा कागदन् कागद सांभाळला, याहून मोठी क्षमा कोणती म्हणावी?

टिकलेले आणि हरवलेले

मठाबाहेरच्या स्त्रियाही लिहीत होत्या. फ्लॉरेन्सची विधवा आलेस्सांद्रा स्त्रोत्सी हिने हद्दपार झालेल्या मुलांना १४४७ पासून १४७० पर्यंत लिहिलेली सत्तरांहून अधिक पत्रे १८७७ साली छापली गेली. त्यांत सुनांच्या शोधापासून कराच्या आकड्यांपर्यंत सारे काही आहे. प्रॉटेस्टंट राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ साली तत्त्ववेत्ता देकार्त याला विचारले, की आत्मा जड नसेल तर तो जड शरीराला हलवतो कसा? देकार्तला पुरते उत्तर देता आले नाही. त्याच्या मृत्यूनंतर आपली पत्रे छापू द्यायला तिने नकार दिला. ती उजेडात आली १८७९ साली. तोवर दोनशेहून अधिक वर्षे लोक देकार्तची उत्तरे वाचत होते. प्रश्न विचारणारी बाई त्यांना दिसतच नव्हती.

आणि काही पत्रे कायमची गेली. संत फ्रान्सिस द सेल्स याचा १६२२ साली मृत्यू झाला, तेव्हा संत जान द शांताल हिने त्याला लिहिलेली पत्रे तिच्याकडे परत आली. तिने ती जवळजवळ सगळी जाळून टाकली. नम्रतेपोटी केलेले ते कृत्य असेल, आणि तिला तो अधिकारही होता. परंतु एका महान आध्यात्मिक मैत्रीचे अर्धे संभाषण त्या ज्वाळांत गेले.

या सर्व हकीकतींतून मला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. स्त्रिया बोलल्या नाहीत म्हणून इतिहासात त्यांचा आवाज नाही, असे नाही. त्या बोलल्या आणि त्यांनी लिहिले. आवाज उरला की नाही, हे त्यांच्या प्रतिभेइतकेच घेणाऱ्याच्या हातावर ठरले. सेव्हिलच्या मठाध्यक्षेने, आर्चेत्रीच्या बापाने, फ्रान्समधील मुलाने पेटीत जागा केली, म्हणून तीन स्त्रिया इतिहासात आल्या.

धर्मगुरू या नात्याने माझा रोजचा संबंध धर्मग्रामाच्या नोंदवह्यांशी येतो. त्यांत स्त्रीचे नाव येते ते बाप्तिस्म्याच्या वेळी, विवाहाच्या वेळी, मुलांची आई म्हणून आणि अखेर मृत्यूच्या रकान्यात. तारखा बिनचूक असतात, पण त्या तारखांमधले आयुष्य तिथे नसते. ते असते कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत. दूरच्या राज्यातील मिशनवर गेलेल्या सिस्टर आत्याने आजीला लिहिलेले पत्र, आखातातील मुलाला आईने शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतलेले पत्र, बाळंतपणाला माहेरी आलेल्या सुनेने सासूला पाठवलेले निळे आंतरदेशीय पत्र. घर पाडून नवे बांधताना या पेट्या आधी रद्दीत जातात. आता तर निरोप मोबाइलवर येतो आणि मोबाइल बदलला की त्याच्याबरोबर जातो.

म्हणून वाचकांना विनंती आहे. घरात अशी पत्रे असतील तर ती पावसाळ्यापूर्वी बाहेर काढून सावलीत वाळवावीत. कसर लागू नये म्हणून कोरड्या डब्यात, स्वच्छ कापडात ठेवावीत. प्लास्टिकमध्ये बंद करू नयेत, ओल धरते. ज्यांना अजून अक्षर ओळखता येते अशा वडीलधाऱ्यांना विचारून हे पत्र कोणी, कोणाला, केव्हा लिहिले, एवढे एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पत्रासोबत ठेवावे. एखाद्या पत्रात कोणाच्या मनाला लागेल असे काही असेल, तर ते चारचौघांत वाचू नये. पण जाळण्यापूर्वी घरातल्या एका तरी शहाण्या माणसाचा सल्ला घ्यावा. आणि आजी अजून हयात असतील, तर त्यांच्याकडून एक पत्र मागून घ्यावे. लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगावे आणि नातवंडांनी लिहून घ्यावे. तेरेजाचीही पुष्कळ पत्रे अशीच आनाच्या हातून उतरली आहेत.